गिटारची घोडी उचलणे

गिटारची घोडी उचलणे म्हणजे अकूस्टिक गिटारच्या वरच्या फळीवर चिकटवलेली घोडी तारांच्या ताणामुळे फळीपासून हळूहळू सुटू लागणे. वादकांमध्ये घोडीला ब्रिज असेही म्हणतात. हा दोष बहुधा घोडीच्या मागील कडेपासून सुरू होतो. आरंभी केवळ कागद सरकेल एवढी फट पडते. वेळीच उपाय न केल्यास घोडी एकाएकी उखडते आणि तिच्याबरोबर फळीच्या लाकडाचे तंतूही निघून येतात. सुटत चाललेली घोडी पूर्णपणे काढून, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून ती पुन्हा चिकटवणे हा या दोषावरील मान्य उपाय आहे.

रचना व कार्य

घोडी तारांचे कंपन वरच्या फळीपर्यंत पोहोचवते. गिटारचा आवाज प्रामुख्याने या फळीच्या कंपनातून निर्माण होतो. फळी सहसा स्प्रूस किंवा सीडर या हलक्या लाकडांची आणि जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. घोडीसाठी मात्र शिसव किंवा आबनूस यांसारखे जड व कठीण लाकूड वापरतात. पश्चिम घाटात आढळणारी भारतीय शिसव या कामासाठी जगभर वापरली जाते. ब्राझीलने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यानंतर अमेरिकेतील गिटार कारखान्यांत भारतीय शिसवीचा वापर वाढला.

घोडीवरील खाचेत हाडाची किंवा प्लास्टिकची एक पातळ पट्टी उभी बसवलेली असते. तिला सॅडल म्हणतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये तारा सॅडलवरून जाऊन घोडीच्या छिद्रांत उतरतात व पिनांनी अडकवल्या जातात. तारांच्या टोकाचे मणी फळीच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कठीण लाकडाच्या पट्टीला टेकतात. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये तारा घोडीलाच गाठ मारून बांधतात. या दुसऱ्या प्रकारात सर्व भार सांध्यावरच येतो, परंतु नायलॉन तारांचा ताणही पोलादी तारांच्या निम्म्याच्या आसपास असतो.

फळीला आतून आधारपट्ट्या असतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये त्यांची मांडणी बहुधा फुलीच्या आकाराची असते. ही मांडणी १८४० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली आणि तिचे श्रेय सामान्यतः ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या कारागिराला दिले जाते.

ताणाचे स्वरूप

हलक्या जाडीच्या सहा पोलादी तारा नेहमीच्या सुरात लावल्या असता त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ७५ किलोग्रॅम असतो. हा ताण फळीच्या पातळीवर न लागता सॅडलच्या माथ्यावर, म्हणजे फळीपासून साधारण १२ मिलिमीटर उंचीवर लागतो. त्यामुळे घोडी केवळ पुढे ओढली जात नाही, तर ती पुढच्या बाजूला कलंडू पाहते. तिची पुढची कड फळीत दाबली जाते आणि मागची कड वर उचलली जाते. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ९ किलोग्रॅम वजन अहोरात्र टांगून ठेवल्यास जेवढे पीळबल निर्माण होईल, तेवढे बल या सांध्यावर सतत कार्य करत असते.

चिकटवलेला सांधा सरकवणाऱ्या बलाला चांगला विरोध करतो. परंतु एका कडेपासून सोलून काढणाऱ्या बलापुढे तो दुबळा ठरतो. जुना लिफाफा सरळ ओढून उघडत नाही, पण कोपऱ्यातून सोलल्यास सहज उघडतो, तसाच हा प्रकार आहे. मागील कडेला एकदा फट पडली की उरलेल्या सांध्यावरचा भार वाढतो आणि फट पुढे सरकत जाते. म्हणून हा दोष आपोआप थांबत नाही.

कारणे

कारखान्यातील घाई हे एक सामान्य कारण आहे. घोडी लाकडावर न चिकटवता पॉलिशच्या थरावर चिकटवली असल्यास तो सांधा लाकडाचा न राहता पॉलिशचा होतो. काही वेळा घोडीखालील मधला भागच खरवडलेला असतो आणि कडेने एक-दोन मिलिमीटर पॉलिश तसेच राहते. १५० मिलिमीटर लांब व ३८ मिलिमीटर रुंद घोडीखाली सर्व बाजूंनी २ मिलिमीटर पॉलिश राहिले, तर चिकटण्याचे क्षेत्र सुमारे एक-अष्टमांशाने घटते. ही घट नेमकी सर्वाधिक भार सोसणाऱ्या मागील कडेलाही होते.

उष्णता हे दुसरे कारण होय. सुतारकामातील पिवळा किंवा पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारची घोडी याच कारणाने सरकते. आर्द्रतेतील चढउतार हे तिसरे कारण आहे. ओलाव्याने फळी रुंदीच्या दिशेने फुगते व कोरड्या हवेत आक्रसते. शिसवीची घोडी मात्र तेवढ्या प्रमाणात हलत नाही, कारण तिचे तंतू फळीच्या तंतूंशी काटकोनात असतात. परिणामी सांध्यावर दर ऋतूत ताण पडतो.

याखेरीज प्रमाणाबाहेर जाड तारा लावणे, आतील आधारपट्टी सुटलेली असणे आणि मणी टेकणारी पट्टी झिजलेली असणे या गोष्टीही कारणीभूत ठरतात.

लक्षणे व तपासणी

वादकाला प्रथम जाणवते ती तारांची वाढलेली उंची. बाराव्या पडद्यापुढे तारा दाबण्यास जड जातात, सूर पुन्हा पुन्हा उतरतात आणि आवाज बोथट होतो. मात्र दांडी वाकल्याने किंवा फळी फुगल्यानेही तारांची उंची वाढते, म्हणून केवळ या लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

खात्री करण्यासाठी साध्या कागदाची कड घोडीच्या मागील बाजूस व कोपऱ्यांत सरकवून पाहतात. कागद एक-दोन मिलिमीटरपेक्षा अधिक आत गेल्यास सांधा सुटू लागला आहे असे समजतात. त्यानंतर लहान आरसा व दिवा ध्वनिछिद्रातून आत नेऊन आधारपट्ट्या आणि मणी टेकणारी पट्टी तपासतात. याच वेळी घोडीखाली स्क्रू किंवा बोल्ट आहेत काय हेही पाहतात. काही गिटारांत ते शिंपल्याच्या ठिपक्यांखाली दडवलेले असतात आणि ते न काढता घोडी उचलण्याचा प्रयत्न केल्यास फळी फाटते.

दुरुस्तीची पद्धत

घोडी काढणे. तारा सैल करून काढल्यानंतर सॅडल बाजूला ठेवतात. घोडीच्या आकाराचे भोक पाडलेला पुठ्ठा फळीवर ठेवून पॉलिशचे रक्षण करतात. नंतर गरम पट्टी किंवा बेताच्या उष्णतेची इस्त्री घोडीवर टेकवून काही मिनिटे सांधा तापवतात. गोंद मऊ झाला की पातळ, बोथट धारेची लवचिक पाती सुटलेल्या कोपऱ्यातून आत सारतात. पाती जोराने न ढकलता, पुन्हा उष्णता देत थोडी थोडी पुढे नेतात. फळीतील तंतू पृष्ठभागाशी अगदी समांतर क्वचितच असतात. एका दिशेने सारल्यास पाती तंतूंच्या खाली शिरते आणि लाकडाचा ढलपा उडतो. असे होताच तिथे थांबून उलट दिशेने काम करणे आवश्यक असते.

पृष्ठभाग तयार करणे. दोन्ही बाजूंवरचा जुना गोंद पूर्ण काढला जातो. प्राणिज सरस कोमट पाण्याने विरघळतो. इतर गोंद तापवून खरवडावे लागतात. नव्या गोंदाला कोरे लाकूडच लागते, कारण वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही. फळी बहुधा किंचित फुगीर असते, म्हणून घोडीचा तळही तितकाच अंतर्वक्र करावा लागतो. त्यासाठी फळीवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर घोडी घासतात. शिकंजाच्या जोरावर सपाट घोडी फुगीर फळीवर दाबून बसवल्यास तिच्या कडा पहिल्या दिवसापासून सुटण्याच्या प्रयत्नात राहतात. निघालेले ढलपे त्यांच्या मूळ जागी आधी चिकटवून घेतात.

चिकटवणे. प्रथम गोंद न लावता सर्व जुळणी करून पाहतात. घोडी मूळ जागीच बसली पाहिजे. सुमारे ६४५ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारमध्ये ती १ मिलिमीटर मागेपुढे झाली, तरी बाराव्या पडद्यावरील सूर अडीच ते तीन सेंटांनी चुकतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट होतात. जागा पक्की राहावी म्हणून पहिल्या व सहाव्या तारेच्या छिद्रांत पिना घालतात. फळीच्या आत आधारपट्ट्यांसाठी खाचा केलेला लाकडी ठोकळा ठेवून ध्वनिछिद्रातून लांब जबड्याचे तीन शिकंजे लावतात, एक मध्ये व दोन बाजूंना. बाहेर आलेला गोंद ओलसर फडक्याने लगेच पुसतात.

गोंद म्हणून गरम प्राणिज सरस किंवा सुतारकामाचा पिवळा गोंद वापरला जातो. सरस वाळल्यावर कडक होतो आणि सतत ताणाखाली सरकत नाही. परंतु तो एखाद्या मिनिटातच थिजू लागत असल्याने घोडी आधी कोमट करून कारागिराला चपळाईने काम करावे लागते. पिवळ्या गोंदाला अधिक वेळ मिळतो.

तारा चढवणे. शिकंजे काही तासांनी काढता येतात, परंतु तारा किमान २४ तास चढवत नाहीत. दमट हवेत हा अवधी वाढवतात. घाईने ताण दिल्यास वरून वाळलेला पण आत ओला राहिलेला सांधा पुन्हा सुटतो. सूर टप्प्याटप्प्याने चढवून काही दिवसांनी कागदाची चाचणी पुन्हा घेतली जाते.

टाळले जाणारे उपाय

फटीत सुईने गोंद सोडून शिकंजा लावणे हा घरगुती उपाय तात्पुरता ठरतो. फटीतील धूळ, मेण व जुना गोंद यांमुळे नवा गोंद लाकडापर्यंत पोहोचतच नाही. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद किंवा एपॉक्सी वापरल्यास पुढील दुरुस्ती अवघड होते, कारण तो काढताना फळीचे लाकूडही जाते. घोडीतून फळीत स्क्रू मारल्याने पातळ फळीला भेगा पडण्याचा धोका असतो. घोडी शिकंज्यात बसण्यापूर्वीच दुरुस्ती परत उलटवता येईल अशी योजना करणे, हे वाद्यदुरुस्तीतील मूलभूत तत्त्व मानले जाते. स्वस्त प्लायवूडच्या गिटारबाबत दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीएवढा होऊ शकतो. जुन्या किंवा सबंध लाकडाची फळी असलेल्या वाद्याचे काम अनुभवी कारागिराकडे सोपवणे इष्ट असते.

तंबोऱ्याच्या घोडीशी तुलना

महाराष्ट्रात तंतुवाद्य निर्मितीची परंपरा मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. मूळचे शस्त्रे घडवणारे व पाजवणारे शिकलगार कारागीर या व्यवसायाकडे वळले आणि त्यांच्यात फरीदसाहेबांचे नाव अग्रणी मानले जाते. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीप्रमाणे उचलली जात नाही. त्याच्या तारा घोडीवर न संपता तिच्यावरून पुढे जाऊन भोपळ्याच्या तळाशी अडकवलेल्या असतात. त्यामुळे तारांचा ताण घोडीला तबलीवर दाबून धरतो. तिथे सांधा सुटण्याऐवजी तबली खचणे आणि घोडीचा माथा झिजून जवारी बिघडणे हे दोष उद्भवतात. व्हायोलिनची घोडीही तारांच्या दाबानेच उभी राहते. गिटारमध्ये तारा घोडीवरच संपतात, म्हणून वाद्याचा सर्व ताण शेवटी एका पातळ गोंदाच्या थरावर येऊन ठेपतो.

हवामान व निगा

गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकण व मुंबईत पावसाळ्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते. याउलट पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावी उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी असते. किनाऱ्यावर पावसाळा काढलेले वाद्य अशा प्रदेशात आणल्यास फळी झपाट्याने आक्रसते.

वाद्य कडक पेटीत ठेवणे, पेटीत ऋतूनुसार ओलावा शोषणारी किंवा देणारी पुडी ठेवणे, मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली वाद्य न ठेवणे आणि दीर्घकाळ वाजवायचे नसल्यास तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवणे, या उपायांनी सांध्याचे आयुष्य वाढते. तारा बदलताना दर वेळी कागदाची चाचणी केल्यास दोष आरंभीच लक्षात येतो.