ओवी, भुलाबाईचं गाणं आणि भजन : ओळखायचं कसं?

अचलपूर-परतवाड्याकडच्या आपल्या गटांमध्ये गाणाऱ्या बाया पुष्कळ. जात्यावरची ओवी, भुलाबाईचं गाणं आणि भजन, तिन्ही एकाच गळ्यातून निघतात. पण मेळाव्यात ढोलकी आली, की तिन्ही एकाच ठेक्यात जातात आणि शब्द अर्धे गिळले जातात. म्हणून आज यांतला फरक समजून घेऊ. ऐकताना आधी एवढंच पाहावं : गाणारीचे हात काय करत आहेत?

ओवीला हात जात्याच्या खुंट्यावर असतो. तिथे टाळी नाही, ठेका नाही. चाल जात्याच्या फेऱ्यासोबत चालते. ओळीचा शेवट लांबवतात, मग दम घेतात आणि समोरची जोडीदारीण पुढची ओळ उचलते. भाऊ, लेक, माय हे शब्द बऱ्याचदा त्या लांबवण्यावरच येतात. ढोलकीच्या मापात ओवी बसवली, की नेमकी तीच जागा कापली जाते. तुकडोजी महाराजांची ग्रामगीताही ओवीतच आहे, पण ती पोथीची ओवी. तिला चार चरण : पहिल्या तिघांचं यमक जुळतं, चौथा आखूड असतो.

भुलाबाईच्या गाण्याला हातात टाळी किंवा टिपऱ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजींपुढे पोरी गातात. ओळी आखूड, सवाल-जवाबाच्या, आणि एका ओळीतला शब्द धरून पुढची ओळ निघते. शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. पुण्याकडचा भोंडला हिची बहीणच. पण तिथे पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात, आणि तो होतो नवरात्राच्या सुमारास.

भजनाला हातात टाळ किंवा खंजेरी. इथे मात्रा मोजाव्या लागतात. दादरा सहा मात्रांचा : एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. केहरवा आठांचा : चार आणि चार. भजनी ठेकाही आठांचाच, म्हणून या दोघांत गोंधळ होतो. आकडा सारखा, पण ठोक्याची जागा वेगळी. केहरव्यात ठोके सरळ एकापाठोपाठ पडतात. भजनी ठेक्यात काही ठोके दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतात, त्यामुळे चालीला झोका येतो. मांडीवर हातानं आठ मोजा आणि ढोलकी ऐका. ठोका हाताच्या मधेच ऐकू आला, तर तो भजनी ठेका.

हे कळून काय होईल? सासरचं दुःख, माहेरची ओढ आपल्या आज्यांनी याच गाण्यांत सांगितली. वहीत नुसते शब्द उतरवले, तर चाल आजीसोबतच जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांनी शब्द लिहून घेतले आणि पुष्कळ ओव्यांचा आवाजही टेपवर घेतला. आपल्या हाती तर मोबाइल आहे.

पुढच्या बैठकीत गटातल्या वडीलधाऱ्या बाईला गायला बसवा, तिला विचारून आवाज भरून घ्या. वहीत गाण्याखाली तीन गोष्टी लिहा : हात काय करत होते, मात्रा किती, आणि दम कुठे घेतला. एवढं लिहिलेलं असलं, तर उद्या नातीलाही ते गाणं आजीसारखं गाता येईल.