साठीनंतरही मजुरी, सुरक्षेचे काय?

पावसाळा सरतो, भात-नागलीची कामे हातावेगळी होऊ लागतात आणि सुरगाणा तालुक्यातील पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. या टोळ्यांत पन्नाशी, साठी ओलांडलेले स्त्री-पुरुषही असतात. कारखान्यातील कामगाराला निवृत्तीचे वय असते. शेतमजुराला ते नाही. अंग चालते तोवर मजुरी, असाच हिशेब.

वय वाढले की अपघात वाढतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. अनुभवी माणूस धोका ओळखतो, उगाच घाई करीत नाही. परदेशांतील पाहण्यांमध्ये वयस्क कामगारांना किरकोळ दुखापती तरुणांहून कमी होत असल्याचे दिसले आहे. मात्र झालेली दुखापत अधिक गंभीर ठरते आणि भरून यायला वेळ लागतो. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीचा बांधावरून पाय घसरला, तर कित्येक महिने अंथरूण धरावे लागते. शिवाय उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामावाटे शरीर थंड ठेवण्याची क्षमताही घटते. एप्रिलमधील खरड छाटणी नेमकी भर उन्हात येते. तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ, हा तरुणाचा नियम येथे अंगाशी येतो. ठरावीक वेळाने पाणी आणि सावलीत विसावा हवाच.

ऑक्टोबर छाटणीनंतरचा धोका निराळा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांवर हायड्रोजन सायनामाइडची ‘पेस्ट’ लावतात. हे रसायन त्वचेला व डोळ्यांना इजा करते. त्याहून कमी ठाऊक असलेली बाब अशी, की शरीरात गेल्यास ते मद्याचे पचन अडवते. दिवसभर हातमोज्यांविना पेस्ट लावली आणि संध्याकाळी थकवा घालविण्यासाठी घोटभर दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होणे, धाप लागणे, छातीत धडधडणे, रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊ शकतात. हृदय आधीच दुबळे असेल तर ते जिवावर बेतू शकते. काम करण्याआधी व नंतर मद्य घेऊ नये, अशी सूचना असते, पण ती छापील. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागलेल्या, चष्मा नसलेल्या मजुराने ती बारीक अक्षरे वाचावीत ही अपेक्षा म्हणजे कागदी सुरक्षेचा नमुनाच. मुकादमाने तीच गोष्ट सकाळी तोंडी, शक्य तर कोकणा बोलीत सांगितली, तर अधिक उपयोग होईल.

वय झाले, तर काम सोडत का नाहीत? श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५व्या वर्षी सुरू होते. २०२३ मध्ये ते वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. तेवढ्यात घर चालत नाही. अपघात झालाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ७५ वर्षांपर्यंत लागू आहे आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. भूमिहीन मजूर तिच्याबाहेरच राहतो. सुरगाण्यात जमिनीला नाव लागणे ही साधी गोष्ट नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात येथील आदिवासी मोठ्या संख्येने होते, त्यांत वृद्धही होते. आणि त्यांची प्रमुख मागणी कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, हीच होती.