कोवळ्या जनावरांचे सांधे आणि प्रतिजैविक औषधे

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या मार्गावर, खाडीच्या काठी कशेळी हे गाव वसलेले आहे. शहराजवळच्या अशा गावी औषधांचे दुकान हाताशी असते. त्यामुळे पारडू किंवा वासरू लंगडू लागले की घरात उरलेले औषध त्यास पाजण्याचा मोह पशुपालकास होतो. परंतु काही प्रतिजैविक औषधे अशा वेळी सांध्यासच अपाय करतात. यास्तव त्यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत व लवचिक अशा कूर्चेचे आवरण असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. म्हणूनच तिला झालेली इजा सहजासहजी भरून येत नाही.

एन्रोफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे क्विनोलोन वर्गातील होत. या वर्गातील औषधांनी कुत्र्याच्या पिलांच्या कूर्चेवर फोड येऊन ती झिजते, असे 1977 च्या सुमारास प्रयोगांत दिसून आले. ही औषधे मॅग्नेशियमला बांधून ठेवतात. कूर्चेच्या पेशींना भोवतालच्या तंतूंस धरून राहण्यासाठी मॅग्नेशियम लागते. ते अपुरे पडले की पेशींची पकड सुटते, त्या मरतात आणि कूर्चेस भेगा पडतात. वाढत्या वयाच्या उंदरांना मॅग्नेशियम नसलेला आहार दिला असता तशीच इजा आढळली आहे.

वासरांना दर किलो वजनामागे 30 मिलिग्रॅम एन्रोफ्लॉक्सासिन रोज याप्रमाणे 14 दिवस तोंडावाटे दिले असता कूर्चेची झीज झाली. उपचाराची नेहमीची मात्रा 5 मिलिग्रॅमच्या आसपास असते. मेंढीच्या कोकरांत तर योग्य मात्रा 15 दिवस दिल्यावरही कूर्चेत सूक्ष्म बदल आढळले; ती लंगडत मात्र नव्हती. म्हणजे बाहेरून काही न दिसताही आत इजा होऊ शकते.

आता हिशेब पाहावा. 400 किलो वजनाच्या म्हशीस 5 मिलिग्रॅमप्रमाणे 2000 मिलिग्रॅम औषध लागते. त्यातले निम्मे 30 किलोच्या पारडास दिले, तर दर किलोस 33 मिलिग्रॅमहून अधिक पडते. ‘लहान आहे, निम्मे पुरे’ हा अंदाज असा घातक ठरतो.

याचा अर्थ हे औषध सर्वथा वर्ज्य आहे असा नव्हे. गंभीर रोगात पशुवैद्य वजन व वय पाहून, मोजके दिवस ते देऊ शकतात. आपल्या मनाने ते देऊ नये, मात्रा वा दिवस वाढवू नयेत आणि माणसांच्या गोळ्या जनावरांस चारू नयेत.

पारडांचे सांधे सुजण्याचे एक मोठे कारण म्हणजे नाळेवाटे शिरणारे जंतू. याकरिता जन्मताच नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे, पहिल्या दोन तासांत चीक पाजावा आणि जागा कोरडी ठेवावी. सांधा सुजल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गोठ्यागोठ्यांत समजावून द्यावी. आजचे पारडू ही उद्याची दुभती म्हैस होय; तिने आयुष्यभर ज्या पायांवर उभे राहावयाचे, ते पाय बालपणीच जपले पाहिजेत.