तळ्याकाठचा एकर कोणाचा?

पवना धरणाच्या काठी गर्दी नको, विरळ घरे हवीत, असे नियोजनकार सांगतात. पाणी राखण्याला आमचा विरोध नाही. पण विरळ कोणासाठी? शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मग भूमिहीनाने राहावे कोठे? याच जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली सत्याग्रह केले. धरणात ज्यांची शेते बुडाली ते पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे भांडले. काठावर बंगले मात्र उठले. ती शेतघरे की सुट्टीची घरे, हे तहसीलदारांनी एकदा जाऊन पाहावे!

बरे, एकराने पाणी तरी वाचते काय? विरळ घरांना गटार नसते. शोषखड्ड्यातले सांडपाणी उतारानेच तळ्याकडे झिरपते. २०१७ च्या पाणथळ नियमांत ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम मना आहे. पण पिण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्यातून वगळले आहेत. म्हणून अट एकराची नको. पाण्यापासूनच्या अंतराची आणि सांडपाण्याची घाला.

आणि भूमिहीनांचे काय? महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. बांधवांनो, येत्या ग्रामसभेत गावठाणवाढीचा ठराव मांडा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.