संदेश-रांगेचा सर्व्हर : एक की तीन?

प्रयोगशाळेचा अहवाल अतिदक्षता विभागात, औषधाची मागणी औषधालयात आणि शुल्काची नोंद बिलिंग विभागात पोहोचविण्याचे काम आमच्या संगणक-जाळ्यात संदेश-रांगेचा सर्व्हर करतो. घेणारा संगणक बंद असल्यास संदेश रांगेत थांबतो व पोच मिळाल्यावरच काढला जातो. मात्र हा सर्व्हरच बंद पडला, तर सर्व विभागांचा संवाद खुंटतो. म्हणून अनेक सर्व्हरांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, केव्हा उभारावा हा प्रश्न उद्भवतो.

केवळ संदेश वाढले म्हणून क्लस्टरची निकड नसते. प्रत्येक संदेश अनेक ठिकाणी लिहावा लागत असल्याने वेग उलट कमी होऊ शकतो. बिलिंगची नोंद अर्धा तास थांबली तरी चालते. तेथे डिस्कवर संदेश जतन करणारा एक सर्व्हर व एक राखीव यंत्र पुरेसे आहे. रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेल्याचा अहवाल मात्र थांबू शकत नाही. तेथे क्लस्टर आवश्यक ठरतो.

'रॅबिटएमक्यू'मध्ये २०१९ पासून उपलब्ध असलेल्या क्वोरम रांगा बहुमतावर चालतात. दोनपैकी एक सर्व्हर गेल्यास बहुमत उरत नाही. तीनपैकी एक गेला तरी उरते. म्हणून किमान तीन सर्व्हर, तेही स्वतंत्र वीजपुरवठ्यावर असावेत. दूरच्या शाखा एकाच क्लस्टरमध्ये न गुंफता तेथे स्वतंत्र रांग ठेवून संदेश पुढे पाठवावेत.

देणगीदारांच्या पैशांतून हा खर्च करताना रुग्ण किती वेळ थांबू शकतो, हीच आमची कसोटी आहे. क्लस्टर असला, तरी धोकादायक अहवाल दूरध्वनीने कळविण्याची पद्धत आम्ही सोडणार नाही.