खरेदीच्या कराराची भाषा : काळ, कर्ता आणि विशेषण

नाशिक तालुक्यातील एकलहरे हे गाव तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. अशा गावी एखादा छोटा व्यापारी आयुष्याची शिल्लक गुंतवून दुकानाचा पहिला गाळा घेऊ लागला, म्हणजे त्याच्यापुढे येणारे लेख मराठी असूनही त्यास परके वाटतात. हे परकेपण केवळ शब्दांचे नव्हे. 'बयाणा', 'दस्तऐवज', 'कब्जा' हे अरबी-फारसीतून आलेले शब्द कोश पाहून उलगडतात. परंतु वाक्याच्या घडणीत दडलेला अर्थ कोशात सापडत नाही.

प्रथम क्रियापदाचा काळ पाहावा. साठेखतात विक्रेता 'खरेदीखत करून देईन' असे लिहितो. खरेदीखतात 'विकत दिली आहे' असे लिहितो. पहिले वचन भविष्यकाळाचे, दुसरे पूर्ण झालेल्या व्यवहाराचे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे 54 वे कलम हाच भेद मान्य करते : विक्रीच्या नुसत्या करारामुळे मिळकतीत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच संक्रमित होते. म्हणून किल्ली हाती आली, ताबा मिळाला, एवढ्याने खरेदीदार मालक होत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेली 'विक्री' ही मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. 'आवश्यक त्या परवानग्या मिळविण्यात येतील' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण परवानग्या कोणी मिळवावयाच्या, हे त्यात सांगितलेले नाही. मराठीतील ही कर्मणी रचना सभ्य दिसते आणि जबाबदारी झाकते. अशा प्रत्येक ठिकाणी 'लिहून देणार' किंवा 'लिहून घेणार' यांपैकी एक कर्ता बसवून घ्यावा. खर्चाच्या बाबतीत तर मौनही बोलते : विरुद्ध करार नसेल तर खरेदीखतावरील मुद्रांक शुल्क 1958 च्या महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार खरेदीदारावर पडते.

तिसरी गोष्ट विशेषणांची. 'निर्वेध व बोजारहित मिळकत' हे विक्रेत्याचे प्रतिपादन होय, पुरावा नव्हे. त्याची शहानिशा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात, फेरफार नोंदींत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील दस्तांच्या शोधात करावी लागते. जमीन 'भोगवटादार वर्ग 2' ची असेल तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. करारातील गोड विशेषणाने ते दूर होत नाहीत. चतुःसीमा, गट क्रमांक आणि गाळ्याचा क्रमांक नकाशाशी ताडून पाहणे हेही याच परीक्षेचे अंग आहे. क्षेत्रफळ नुसते लिहिलेले नसावे, 'चटई क्षेत्र' म्हणून लिहिलेले असावे. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमात या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे व बाहेरील भिंतींची जाडी तीत येत नाही. त्याच अधिनियमान्वये, नोंदणीस पात्र अशा प्रकल्पात करार नोंदविण्यापूर्वी प्रवर्तकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे संरक्षण दुकानांच्या गाळ्यांनाही आहे.

शेवटी अटीची वाक्ये. 'कर्ज मंजूर न झाल्यास' याच्या पुढील 'तर' कोणाच्या बाजूने पूर्ण होतो, इसाराची रक्कम परत मिळावयाची की बुडावयाची, हे लिहिलेले असलेच पाहिजे. मुदतीचेही तसेच. स्थावराच्या करारात मुदत ही कराराचा गाभा आहे असे न्यायालये सामान्यतः गृहीत धरीत नाहीत. तसा हेतू असल्यास तो स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. दुसरीकडे, ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत करार पूर्ण करून घेण्याचा दावा लावला नाही, तर 1963 च्या मुदत अधिनियमाने ते दार बंद होते.

सारांश, करार वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत : क्रिया झाली आहे की व्हावयाची आहे, ती कोणी करावयाची आहे, आणि न झाल्यास काय. ज्या वाक्यास यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही, ते वाक्य सहीपूर्वी वकिलाकडून दुरुस्त करून घ्यावे. सही झाल्यावर त्याच वाक्याचा अर्थ न्यायालयात शोधावा लागतो, आणि तो शोध गाळ्याहून महाग पडू शकतो.