छप्पर भिंतीला बांधलेले असावे



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अनेक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, पण छपरे उडाली. असे का होते?

जोराचा वारा पत्र्याच्या छपराला वर ओढतो. दार-खिडकी उघडली गेली, तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. एक चौरस मीटर पत्र्याचे वजन साधारण ५ किलो, पण अशा वादळात त्यावरची ओढ ५० किलोहून अधिक होऊ शकते. पत्र्यावर ठेवलेले चार दगड तिथे पुरत नाहीत.

उपाय साधा आहे. भिंतीच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओततात, तेव्हाच प्रत्येक कैचीच्या जागी खालून वाकवलेला बोल्ट त्यात उभा ठेवावा. कैची बसली की वॉशर घालून नट घट्ट आवळावा. पत्रा आडव्या वाशाला, वासा कैचीला आणि कैची भिंतीला बांधलेली हवी. यातली एक कडी सुटली तरी छप्पर जाते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून बोल्ट व पट्ट्या जस्ताचा मुलामा दिलेल्याच घ्याव्यात.

भिंत पूर्ण झाल्यावर बोल्ट पक्का बसवणे अवघड जाते. म्हणून कातकरी वाडीवरच्या एखाद्या घराला आपण हातभार लावाल, तेव्हा पत्र्यांबरोबर बोल्टांचीही आठवणीने चौकशी करा. घराच्या खर्चात ही रक्कम अगदी थोडी असते.